हातबॉम्ब निवडणारी जनीमावशी

जनीमावशीनं मला पहिल्यांदा भेटताना हाक मारली नाही, सरळ मनगट धरलं. इतकं घट्ट, की हातातली बांगडी वाकली.

बोईसरच्या एमआयडीसीत भंगार वितळवून लोखंडाच्या कांड्या ओतणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत मी नुकती लागले होते. कराडहून आलेली, सालवडला दोन मुलींबरोबर खोली घेतलेली, आणि कामाचा तिसरा दिवस. भंगाराचे नमुने आणायला मी यार्डात गेले. बंदरातून आलेल्या कंटेनरमधला माल ओतून डोंगर केलेला होता. पायाशी एक गंजलेला गोळा पडला होता. मुठीत मावेल एवढा, वर चौकोनी खाचा. ओतीव बीडाचा दिसतोय, नमुन्याला बरा, म्हणून मी वाकले आणि तेवढ्यात मनगट पकडलं गेलं.

"ऱ्हाव दे," कानाशी आवाज आला. "पाय पन हलवू नको. आता जशी आलीस तशीच मागं जा. त्याच पावलांवर."

मी गेले. ती बाई मात्र तिथंच उकिडवी बसली. दोन्ही हात पाठीमागं बांधून, मान वाकडी करून तिनं त्या गोळ्याकडं कितीतरी वेळ पाहिलं. मग उठली, एक हात सरळ वर केला आणि क्रेनच्या केबिनकडं बघून ओरडली, "बंद कर!"

वीस मिनिटांत सगळं यार्ड रिकामं झालं. पालघरहून बॉम्बनाशक पथक आलं. वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या, फाटकाबाहेर आम्ही उन्हात उभे राहिलो. तो कुठल्यातरी परक्या फौजेचा जुना हातबॉम्ब होता आणि त्याच्या आतला दारूगोळा शाबूत होता, हे पथकातल्या साहेबांनी सांगितलं तेव्हा मला बसावंसं वाटलं. ती बाई आधीच कठड्यावर बसून भाकरी आणि सुका बोंबील खात होती.

"तू नवीन हायस," ती म्हणाली. "भंगारात वाकायचं नाय. आदी बसायचं. मंग बगायचं. हात सगळ्यात शेवटी."

ती जनीमावशी. किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मच्छीमार घरातली, तेव्हा पन्नाशीच्या आसपासची. घरची होडी विकली गेल्यावर ती कारखान्यात आली, एवढंच मला ठाऊक. बाकीची हकीकत तिनं कधी सांगितली नाही आणि मीही उकरून काढली नाही. भंगार निवडणाऱ्या पाच बायकांची ती मुकादम होती. कागदावर तसं पद नव्हतं, पण तिनं हात वर केला की चुंबकाची क्रेन थांबायची. हा नियम कुणी केला होता ते कुणालाच आठवत नव्हतं.

डोक्यावर पिवळं हेल्मेट घालावंच लागे. अंबाड्यामुळं ते बसेना, म्हणून तिनं अंबाडा मानेवर उतरवला होता. हेल्मेटच्या कडेखाली चेपलेली अबोलीची वेणी रोज असायची. कारखान्याचा जाड हातमोजा ती फक्त डाव्या हातात घाली, उजवा हात उघडा. सुरक्षेचे साहेब लोक रागावले की म्हणायची, "मोज्यातून काय समजतं? तुमी मोजा घालून मासली घेता का?" तिच्याकडं कमरेएवढी लांब सळई होती, टोकाला वाकवून आकडी केलेली. ढिगासमोर पाटावर बसून ती एकेक तुकडा त्या आकडीनं अलगद पुढं ओढायची.

जाळ्यातून आलेलं म्हावरं निवडावं तसंच तिचं निवडणं. शिंगाळ्याचा काटा लागला तर हात सुजतो, ताप येतो, आणि मासा मेला म्हणून त्याचा काटा बोथट होत नाही. म्हणून लहानपणी तिला आधी शिंगाळा ओळखायला शिकवलं होतं, मग बाकीची मासळी. भंगारातही तिनं तेच केलं. "तोंड बंद असलेली वस्तू माजी," ती म्हणायची. बंद नळकांडं, बंद टाकी, गाडीचे शॉकअॅब्झॉर्बर, सगळं बाजूला. अशी वस्तू भट्टीत पडली की आतली हवा तापते, ती फुटते आणि वितळलेलं लोखंड माणसांवर उडतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मावशीनं पाहिलं होतं. कुणाला काय झालं ते तिनं सांगितलं नाही, एकदा नुसतं म्हणाली, "त्याचे बूट तेवडे वळखले."

हातबॉम्बांना बायकांनी आपली नावं ठेवली होती. खाचांचा तो शिताफळ. गुळगुळीत, अंड्यासारखा तो लिंबू. लाकडी दांडक्याचा तो मुसळी. वर्षातून दोन-तीनदा असं काहीतरी निघायचं. माल कुठून कुठून फिरत यायचा. जुन्या लढायांच्या मैदानांतली माती खरवडून काढलेलं लोखंडही त्यात असावं. कागदावर सगळा माल तपासलेलाच असे.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला मोबाईलवर चित्रं दाखवली. पहिल्या महायुद्धात निरनिराळ्या फौजांनी वापरलेले हातबॉम्ब, ओळीनं मांडलेले. शेजारी आमचे सुभेदार होते. फौजेतून निवृत्त होऊन कारखान्याच्या सुरक्षेवर आलेले, कमी बोलणारे गृहस्थ.

"येवडे?" मावशीनं विचारलं. "येवडे कशाला लागतात?"

सुभेदारांनी डबा बाजूला ठेवला. "दोन्ही फौजा जमिनीत चर खणून बसायच्या, समोरासमोर. कधी इतक्या जवळ, की पलीकडचा खोकला ऐकू यायचा. बंदुकीची गोळी सरळ जाते. चरात बसलेल्या माणसाला ती लागत नाही. मग हे हातानं उचलून वरून आत टाकायचं."

"आन तो पन हिकडं टाकनार."

"तोही टाकणार. जर्मनांनी दांडका लावला, लांब जावा म्हणून. इंग्रजांचा हा तुमचा शिताफळ, मुठीत बसतो. फ्रेंचांचा वेगळा. पुरेसे नव्हते तेव्हा तर शिपाई मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांचेच करायचे." ते थोडे थांबले. "आपलीही माणसं होती त्या चरांत. साताऱ्याकडची, कोकणातली."

मावशीनं माझा मोबाईल घेतला. प्रत्येक चित्रावर तळहात ठेवून ती अर्धं चित्र झाकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "अर्धा मातीत असला तर कसा दिसंल ते बगते." मग दांडक्याच्या बॉम्बापाशी तिचा हात थांबला. तिनं दांडका झाकला. वर उरला नुसता पत्र्याचा डबा.

"सुभेदार, हा दांडका लाकडाचा ना?"

"लाकडाचाच."

"लाकूड कुजतं." ती हळू बोलली. "शंबर वर्सं मातीत ऱ्हायलं तर कुजलंच. मंग उरतो तो हा डबा. गंजका, चेपका डबा." तिनं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. "आमी आख्खा दांडका असलेला तेवडा बाजूला काडला. असे डबे आमी चुंबकाला किती दिले?"

 सुभेदार उठून हात धुवायला गेले. मावशीनं उरलेला भात तसाच झाकून ठेवला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "टाकला आन फुटला नाय, तो कोन उचलायचा?"

"कोणी नाही," सुभेदार परत येत म्हणाले. "चिखलात राहायचा."

"म्हंजे आमच्यासाटी ठेवला," ती म्हणाली आणि ढिगाकडं निघून गेली.

त्या दिवसापासून डबे निवडायला सुरुवात झाली. भंगारात डब्यांना काय तोटा! रंगाचे, तेलाचे, बिस्किटांचे. प्रत्येक डबा उलटवून बुडाशी दांडक्यासाठी केलेला गळा आहे का, हे बघायचं. काम निम्म्यावर आलं. भट्टी माल मागायची आणि माल तयार नसायचा. प्लांट मॅनेजर रोज यार्डात येऊन उभे राहू लागले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या फोनला दिवसभर उसंत नसे.

एका कंटेनरमधून बॉम्बाच्या बाहेरच्या पत्र्याचा फुटका तुकडा मिळाला. मावशीनं हात वर केला आणि सांगितलं, हा सगळा ढीग आमी हातानं बगनार, तोपर्यंत चुंबक नाय.

"मावशी, किती वेळ?" मॅनेजरांनी विचारलं.

"दोन दिवस."

"दोन दिवस भट्टी थंड ठेवू?"

मावशी उठली. पाट उचलून ढीग आणि क्रेन यांच्या मधोमध टाकला आणि त्यावर बसली. वर केबिनमध्ये रामसजीवन होता, बिहारचा, तीस-बत्तीस वर्षांचा क्रेनवाला. मॅनेजरांनी त्याला हातानं खूण केली. त्यानं डोकं बाहेर काढलं. "साहब, अम्मा बैठी है. मैं नहीं चलाऊँगा."

दोन दिवस ढीग उपसला. मीही रिकाम्या वेळी जाऊन बसले. शेवटचा तुकडा तपासून झाला. काही निघालं नाही. एकही नाही.

मॅनेजर ओरडले नाहीत, हे जास्त लागलं. "मावशी, तुमचं वय झालं," ते म्हणाले. "उद्यापासून मागं मळीवर बसा. आराम करा." मळी म्हणजे भट्टीतून निघणारी राख-खडी. ती फावड्यानं ओढायची, त्यात निवडायचं असं काही नसतं.

मावशीनं आकडी तिच्या हाताखालच्या सुमनकडं दिली. "आदी बस," एवढंच सांगितलं. सुमन मान हलवत होती आणि डोळे पुसत होती.

पुढं तीनेक आठवडे गेले. दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेची खिडकी भट्टीकडं उघडते, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. क्रेन भंगाराची मोठी जुडी उचलून भट्टीकडं निघाली होती. पत्रे, पाइप, सळया चुंबकाला चिकटून लोंबत होत्या. मावशी मळीपाशी फावडं घेऊन उभी होती. तिनं सहज मान वर केली. फावडं खाली पडलं.

तिला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. दोन्ही हात वर करून ती धावत आली. "रोक! रामसजीवन, रोक!"

क्रेन हिसका देऊन थांबली. ओझं भट्टीच्या तोंडापासून चार-पाच हातांवर झुलत राहिलं. खाली भट्टीवर सातजण होते आणि भट्टीत वितळलेलं लोखंड.

"अम्मा, क्या है?"

"गोळा हाय. मुसळीवाला. नीचे की बाजू में."

पाइपांच्या मध्ये, खालच्या अंगाला, एक चेपलेला डबा चिकटला होता. माझ्या डोळ्यांना तो डबाच दिसत होता. सुभेदार धावत आले, त्यांनी भट्टीवरची माणसं मागच्या दारानं बाहेर काढायला सुरुवात केली. पण ओझं तिथं लटकत ठेवता येत नव्हतं. त्या आठवड्यात दोनदा वीज गेली होती, आणि वीज गेली की चुंबक सगळं सोडून देतं. ते भट्टीत पडलं असतं.

रामसजीवननं केबिनचं दार उघडलं. त्याचा एक पाय शिडीवर आलेला मला दिसला. "अम्मा, उतर जाऊँ?"

मावशीनं वर पाहिलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. तीन श्वास असतील.

"नको," ती म्हणाली. "बैठ. मेरे हात को देख."

तो परत आत बसला. केबिनमधून ओझ्याची खालची बाजू दिसत नाही, कुणीतरी खाली उभं राहून दाखवावं लागतं. मावशी ओझ्यासमोर उभी राहिली आणि उलट्या पावलांनी यार्डाच्या टोकाकडं, अशा मालासाठी केलेल्या वाळूच्या खड्ड्याकडं चालू लागली. साठेक पावलं असतील. ती एक पाऊल मागं टाकी, हात हलवी, आणि वरून घरघर करत ते ओझं तेवढंच पुढं येई. झोका घेऊ लागलं की ती तळहात आडवा करून थांबे. झोका थांबला की पुन्हा एक पाऊल. नजर डब्यावरून हलत नव्हती. मागं काय आहे ते ती पायानं चाचपत होती.

"जनाबाई, बाहेर या!" सुभेदार ओरडले. पुन्हा ओरडले. मग ओरडायचं थांबले आणि प्रयोगशाळेतून बाहेर आलेल्या आम्हाला ढकलत फाटकाकडं नेऊ लागले. फाटकाशी मी वळून पाहिलं. ती अर्ध्या वाटेवर होती. तेवढ्यात शेडमधल्या सगळ्या ट्यूबलाइट एकदम मिटल्यासारख्या झाल्या आणि पुन्हा लागल्या. ओझ्यातून एक सळई सुटून खणकन खाली पडली. माझ्या शेजारी सुमननं तोंडात पदर कोंबला.

मावशीचा हात तसाच वर होता. सळईकडं तिनं पाहिलंही नाही. पुन्हा एक पाऊल.

खड्ड्यापाशी ती बाजूला झाली, गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला आणि वाळू नि ओझं यांच्यातली फट बघत राहिली. तळहात इंचाइंचानं खाली येत होता. ओझं वाळूवर टेकलं. चुंबक बंद न करता, तसंच चालू.

"बस. चालू रेने दे. अब उतर."

रामसजीवन शिडीवरून उतरला तो शेवटच्या पायरीवर बसलाच. तिनं त्याचा दंड धरून उठवला. दोघं चालत फाटकाशी आली. धावत नव्हे, चालत.

पथक आलं, संध्याकाळी एक दबका आवाज झाला आणि वाळूचा लोट उठला. पथकातल्या साहेबांनी विचारलं, हे ओळखलं कुणी? आम्ही मावशीला पुढं ढकललं. ती म्हणाली, "तो डबा नव्हता," आणि मागं सरकली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर हेल्मेट हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "चुकलं माझं, मावशी. तुम्ही यार्डात परत या."

"माज्याशी नको बोलू," ती म्हणाली. "वर जा. त्याला सांग." तिनं केबिनकडं बोट दाखवलं. मॅनेजर खरंच शिडी चढून वर गेले. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही.

पुढं बदल झाले. निवडायला आठ बायका झाल्या, डब्यांसाठी वेगळा वेळ मिळाला, हात वर केल्याशिवाय चुंबक नाही हे पाटीवर लिहिलं गेलं. पण मावशी पूर्वीची राहिली नाही. आधी मला ते चहाच्या वेळी दिसलं. ग्लास तिच्या हातात थरथरत होता आणि ती तो दोन्ही हातांनी धरत होती. मग आकडी थरथरू लागली. रामसजीवन महिन्याभरात गावी गेला आणि तिकडंच काम मिळालं म्हणून परत आला नाही. दोनेक महिन्यांनी मावशीनं एका सकाळी आकडी पुन्हा सुमनला दिली. "माजे हात खोटं बोलतात," ती म्हणाली. "अशा हातांनी निवडू नये." कुणी थांबवलं तरी ती थांबली नाही.

मला पुण्याला नोकरी लागली, तेव्हा जायच्या आधी मी दांडीला तिच्या घरी गेले. अंगणात बोंबील वाळत होते. ती ओट्यावर बसली होती. हात मांडीवर, एकावर एक दाबून ठेवलेले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी लाइट मिटली तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लाइटची नाय वाटली." ती समुद्राकडं बघत होती. "तो इचारला ना, उतर जाऊँ? तवा वाटली. तो उतरला असता तर वाचला असता. त्याच्या दोन पोरी हायत. मी त्याला बैठ म्हनाली. मी कोन त्याची? कुनी सांगितलं मला, दुसऱ्याच्या पोराला तिथं बसवायला?"

"पण तो उतरला असता तर खालचे सात..."

"ते मला सांगू नको. ते मी मोजलं. तवाच मोजलं. म्हनून तर झोप नाय."

 तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात थरथरतो म्हणून ती फोन कानाला लावत नसे. तिनं तो ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"अम्मा, खाना हुआ?"

रामसजीवन होता. महिन्या-दोन महिन्यांनी करतो, ती मला हळूच म्हणाली. मग फोनवर वाकली. तिकडचं पीक, त्याच्या आईचे गुडघे, इकडची मासळी. बोलणं संपत आलं. "रखता हूँ, अम्मा," तो म्हणाला.

"ए, रुक." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं. "एक बात पुछती. उस दिन तू बोला, उतर जाऊँ? मैं बोली, नको, बैठ."

"हाँ."

"तो गुस्सा हाय क्या तेरे को? मेरे पे?"

  पलीकडं लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

"अम्मा," तो शेवटी म्हणाला, "मैं तो ऊपर था. आप नीचे क्यों खड़ी थीं? आप तो भाग सकती थीं."

 मावशीनं ओट्यावरचा पदर उगीच सारखा केला. "चल, वो छोड," ती म्हणाली. "पोरी साळा में जाती का?"

रेंज जायला लागली तशी ती उठली, फोन दोन्ही हातांत धरून अंगणातून किनाऱ्याकडं चालू लागली. माझ्या बोईसरच्या गाडीची वेळ झाली होती. मी थोडा वेळ थांबले. ती वळली नाही. रस्त्याच्या वळणावरून पाहिलं तर ती ओढून ठेवलेल्या होड्यांपलीकडं वाऱ्यात उभी होती. फोन तोंडासमोर धरून त्याला मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत.